उपासना, बेसबॉल आणि विश्रांती: सेंट लुईसमधल्या कुटुंबाने शनिवार-रविवार कसा आखावा

सेंट लुईस आणि त्याच्या आसपासच्या उपनगरांत राहणाऱ्या, मुलांना बेसबॉलला घालणाऱ्या आणि रविवारी चर्चला जाणाऱ्या कुटुंबासाठी एप्रिल ते जुलै हे महिने वर्षातले सर्वांत आनंदाचे आणि सर्वांत दाटीचे असतात. शनिवारी सकाळी सामना, दुपारी कोणाचा तरी वाढदिवस, रविवारी उपासना, त्यानंतर प्राणिसंग्रहालय किंवा शहराच्या व्यावसायिक कार्डिनल्स संघाचा सामना, आणि या सगळ्यात मुलाचा दुखरा खांदा, वडिलांची रक्तदाबाची गोळी आणि भारतातून आलेल्या आजीची दुपारची विश्रांती. हे सर्व दोन दिवसांत बसते, मात्र कोणती गोष्ट आधी ठरवायची आणि कोणती शेवटी, हा क्रम घरात पक्का असावा लागतो. माझ्या मते आधी उपासनेची वेळ, मग झोप आणि शरीराची विश्रांती, त्यानंतर मुलाचा खेळ आणि उरलेल्या वेळेत सहल, असा तो असावा. बहुतेक घरांत खेळाचे वेळापत्रक फ्रिजवर सर्वांत आधी चिकटते, बाकीच्या गोष्टी त्याच्या फटींत कोंबल्या जातात, आणि जूनपर्यंत मुलाचा हात व घरच्यांचा रविवार हे दोन्ही थकून जातात.

नोंदणी करतानाच विचारायच्या गोष्टी

शनिवार-रविवारचा निम्मा प्रश्न हिवाळ्यात, संघनोंदणीच्या वेळीच सुटतो किंवा हंगामभर अडकून बसतो. मुलांच्या बेसबॉलचे येथे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे उपनगराच्या पार्क विभागाची, पॅरिशची (स्थानिक चर्चची) किंवा लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेशी जोडलेली स्थानिक लीग, जिला सगळे ‘रेक लीग’ म्हणतात. तिथे आठवड्यात एखादा सराव आणि एक-दोन सामने असतात, मैदाने जवळची असतात आणि नोंदणी केलेल्या प्रत्येक मुलाला खेळायला मिळावे अशी अपेक्षा असते. दुसरा मार्ग ‘ट्रॅव्हल बॉल’चा, ज्यात निवडचाचणी देऊन संघात जागा मिळते आणि आठवड्याअखेरच्या स्पर्धांसाठी शेजारच्या गावांपासून शेजारच्या राज्यांपर्यंत जावे लागते. या स्पर्धांत साधारणपणे शनिवारी प्राथमिक सामने आणि रविवारी बाद फेरी असते, त्यामुळे संघ जिंकत गेला की रविवार सकाळपासून संध्याकाळपर्यंत मैदानावरच जातो. म्हणजे मुले जितकी चांगली खेळतील तितकी उपासना चुकते, आणि त्याच दिवशी सर्वाधिक चेंडूही त्यांनाच टाकावे लागतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ट्रॅव्हल बॉल खेळला नाही म्हणून त्याचे काही बुडत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. बारा-तेराव्या वर्षी त्याची स्वतःची ओढ टिकून असेल तर तेव्हा पुन्हा विचार करावा.

नोंदणीपूर्वी लीगला तीन गोष्टी विचाराव्यात. रविवारी सामने असतात का आणि असल्यास किती वाजल्यापासून, पिचरने (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूने) टाकलेल्या चेंडूंची मोजणी कोण करते आणि ती पालकांना दाखवतात का, आणि मैदानावर हृदयाचा ठोका पूर्ववत करणारे एईडी यंत्र कोठे ठेवलेले आहे. तिसरा प्रश्न अतिरेकी वाटेल, पण छातीवर नेमक्या क्षणी चेंडू आदळल्याने निरोगी मुलाच्याही हृदयाची लय बिघडू शकते आणि त्या वेळी पहिल्या काही मिनिटांत छातीवर दाब देणे व ते यंत्र वापरणे, एवढाच उपाय हाती असतो. ही घटना फार विरळ आहे; तरीही यंत्राची जागा आधी माहीत असण्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

रविवारची सकाळ आपल्याला मोकळी हवी असेल तर ते प्रशिक्षकाला हंगामाच्या आरंभीच, लिहून आणि विनासंकोच कळवावे. ‘आम्ही रविवारी दुपारी बारापर्यंत चर्चमध्ये असतो, त्यानंतर मुलगा खेळू शकेल’ एवढे एक वाक्य पुरते. शनिवारी रात्री संदेश पाठवला की प्रशिक्षकाची संघरचना कोलमडते आणि रुसवा मुलाच्या वाट्याला येतो. हे सांगण्याचे काम मुलावर कधीही सोडू नये, कारण दहा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसापुढे आपल्या घराची श्रद्धा समजावून सांगावी लागणे योग्य नाही. या खेळात अशी विनंती नवी नाही. ब्रँच रिकी या मेथडिस्ट घरातल्या खेळाडूने १९०४ साली सिनसिनाटी संघात असताना रविवारी खेळायला नकार दिला आणि संघाने त्याला सोडून दिले. तोच रिकी पुढे १९१९ पासून १९४२ पर्यंत सेंट लुईस कार्डिनल्समध्ये आधी व्यवस्थापक (मैदानावर संघ चालवणारा) आणि मग कारभारी होता. संघाचा व्यवस्थापक असतानाही तो रविवारी मैदानावर येत नसे आणि त्या दिवशी संघ बर्ट शॉटन सांभाळत असे. जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या संघातून मोठ्या लीगमध्ये उतरवणारा माणूसही तोच. १९६५ च्या वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा पहिला सामना योम किप्पुर या ज्यूंच्या पवित्र दिवशी आला तेव्हा सँडी कोफॅक्स या ज्यू पिचरनेही चेंडू हाती घेतला नव्हता, आणि ती मालिका त्याच्या संघाने शेवटी त्याच्याच पिचिंगवर जिंकली. आपल्या मुलाला या दोघांच्या गोष्टी जरूर सांगाव्यात.

रविवारची उपासना

येथील अनेक चर्चमध्ये रविवारी दोन उपासना असतात, एक साडेआठ-नऊच्या सुमारास आणि दुसरी साडेदहा-अकराला. बेसबॉलच्या महिन्यांत पहिली उपासना धरावी, कारण तिच्यानंतर मुलांची शब्बाथशाळा (संडे स्कूल) आणि मंडळीबरोबरची कॉफी आटोपूनही दुपार हाती राहते. कॅथलिक कुटुंबांना आणखी एक सोय आहे: शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेला हजर राहिल्यास रविवारचे कर्तव्य पूर्ण झाले असे चर्चचा कायदाच मानतो. वसईकडून आलेल्या घरांना ही पद्धत माहीत असतेच. येथेही पॅरिशच्या पत्रकात ती वेळ पाहून ठेवावी. मात्र शनिवारी सामन्याहून थेट मिस्सेला जाण्याची वेळ आली तर मुलाला आंघोळ आणि कपडे बदलण्यासाठी किमान तासभर मिळेल असे पाहावे. धुळीने माखलेल्या गणवेशात, पायात खिळ्यांचे बूट घालून बाकावर बसलेले मूल उपासनेत नसतेच, ते अजून मैदानावर असते.

नव्याने आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला कोणत्या चर्चला जावे, हा प्रश्न पडतो. मुंबईत १८१३ साली सुरू झालेले आणि पुढे अहमदनगरला रुजलेले अमेरिकन मराठी मिशन हे येथल्या काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांनी काढलेले होते. त्या पंथाची बहुतेक चर्चे १९५७ पासून युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टमध्ये आहेत, आणि मिशनची नगरकडची मंडळी १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. त्यामुळे नगरच्या माणसाला येथील त्या चर्चची उपासना अगदीच परकी वाटत नाही. तरीही शेवटी चर्च निवडताना पाळकांचे प्रवचन, मुलांची शब्बाथशाळा आणि घरापासूनचे अंतर या तीन गोष्टी नावापेक्षा अधिक पाहाव्यात, कारण पाऊण तास गाडी हाकून जायचे चर्च बेसबॉलच्या हंगामात पहिल्यांदा सुटते. मराठी गीते मुलांच्या कानांवर पडत राहावीत असे वाटत असेल तर ती शनिवारी रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत गावीत. नारायण वामन टिळकांचे एखादे पद आणि एक स्तोत्र, एवढ्याने दहा मिनिटे होतात आणि त्यानंतर सर्वांनी झोपायला जावे.

एक तारीख आवर्जून लक्षात ठेवावी. मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एक तास पुढे जाते. त्या दिवशी उपासना एक तास लवकर आल्यासारखी होते आणि मुलांची झोप तेवढी कमी होते, म्हणून शनिवारी रात्री जेवण आणि झोप दोन्ही तासभर आधी घ्यावीत.

मंडळीच्या पॉटलक जेवणाला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आपण काय नेतो, यातही आरोग्याचा प्रश्न आहे. आपल्या साबुदाण्याच्या खिचडीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात शेंगदाण्याचे कूट सहज पडते, आणि येथे शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असलेले एखादे मूल मंडळीत असणे अगदी शक्य आहे. पदार्थाशेजारी घटक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि शक्य असेल तर कुटाऐवजी ओले खोबरे वापरावे, किंवा सरळ मसालेभात न्यावा. संघातल्या मुलांसाठी खाऊ नेतानाही हाच नियम पाळावा. तसेच मुलाला ताप येऊन गेला असेल तर औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसल्याखेरीज त्याला शब्बाथशाळेत किंवा डगआउटमध्ये (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर) पाठवू नये. त्या रविवारी उपासना पडद्यावर पाहावी; मंडळीतल्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांशी हस्तांदोलन करणारा हात तापलेला नसावा.

मुलाचा हात

आता या साऱ्या आखणीतल्या सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. क्रिकेट पाहून वाढलेल्या आई-वडिलांना पिचरच्या हातावर येणारा ताण सहसा ध्यानात येत नाही. गोलंदाज धावत येतो आणि कोपर न झटकता हात फिरवतो. पिचर मात्र जागेवरून, कोपरात वाकलेला हात विजेच्या वेगाने सरळ करत चेंडू फेकतो, आणि दर वेळी कोपराच्या आतल्या बाजूला ओढ बसते. वाढत्या वयात तिथले हाड अजून कूर्चेच्या पट्टीने जोडलेले असते. स्नायुबंध तुटण्याआधी ती पट्टीच दुखावते, आणि म्हणूनच नऊ ते चौदा वर्षांच्या पिचरमध्ये दिसणाऱ्या या दुखण्याला डॉक्टर ‘लिटल लीग एल्बो’ म्हणतात. त्यावरचा पहिला आणि मुख्य उपाय म्हणजे फेकणे थांबवणे.

लिटल लीगने यासाठी वयानुसार मर्यादा घातल्या आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाने एका दिवसात ५०, नऊ-दहा वर्षांच्याने ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्याने ९५ यांहून अधिक फेकी करू नयेत. त्यानंतरची विश्रांतीही ठरलेली आहे. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने २० पर्यंत फेकी केल्या तर विश्रांतीची सक्ती नाही. २१ ते ३५ असतील तर एक दिवस, ३६ ते ५० असतील तर दोन, ५१ ते ६५ असतील तर तीन आणि ६६ किंवा अधिक असतील तर चार दिवस त्याने पिचिंग करायचे नाही. हे दिवस कॅलेंडरचे धरायचे. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाने शनिवारी ४० फेकी केल्या तर रविवार आणि सोमवार त्याचा हात मोकळा राहील आणि मंगळवारी तो पुन्हा पिचिंगला उभा राहू शकेल. शनिवारी ३० झाल्या असतील तर रविवार मोकळा आणि सोमवारी परवानगी. हे गणित घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असावे, मुलाला तर नक्कीच. शिवाय ज्या मुलाने एका दिवसात ४१ किंवा अधिक फेकी केल्या त्याला त्या दिवशी पुढे कॅचर (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारा) म्हणून उभे करता येत नाही, आणि ज्याने चार किंवा अधिक इनिंग कॅचरचे काम केले त्याला त्या दिवशी पिचिंग देता येत नाही, कारण कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो. आपली लीग लिटल लीगशी जोडलेली नसेल तर तिचे नियम वेगळे असू शकतात. तिथे मर्यादा सैल असतील तर आपण घरात हीच कडक मर्यादा पाळावी.

तरीही या नियमांना मोठी भोके आहेत आणि ती पालकांनीच बुजवायची असतात. सामन्यापूर्वी आणि प्रत्येक इनिंगच्या आधी गरम होण्यासाठी टाकलेले चेंडू या मोजणीत येत नाहीत. घरामागच्या अंगणात भावाबरोबर केलेली फेकाफेक येत नाही. मुलगा दोन संघांत खेळत असेल तर प्रत्येक प्रशिक्षक आपापल्या संघाचेच चेंडू मोजतो आणि दोन्हींची बेरीज सहसा कोणीच करत नाही. ती बेरीज आई किंवा वडिलांनी करावी. एक छोटी वही किंवा फोनवरची नोंद पुरते: तारीख, संघ, फेकींची संख्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हात कसा होता. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. स्नायू जड वाटणे आणि कोपराच्या आतल्या हाडावर किंवा खांद्याच्या वरच्या भागात नेमके दुखणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दुसरी असेल तर त्या आठवड्यात चेंडू हातात द्यायचा नाही, आणि विश्रांतीनंतरही दुखणे राहिले किंवा कोपर पूर्ण सरळ होत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचे. दुखणे दाबणारी गोळी देऊन मुलाला मैदानावर उतरवू नये, कारण वेदना हीच त्या हाताची एकमेव तक्रार असते.

नऊ ते बारा या वयात मुलाने सरळ वेगवान चेंडू आणि चेंज-अप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू) यांवरच भर द्यावा, वळणारे चेंडू नंतर शिकावेत, असे मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ या मार्गदर्शक नियमावलीत सांगितले आहे. वर्षातले किमान चार महिने फेकणे बंद असावे आणि त्यांतले दोन-तीन महिने सलग असावेत, असेही ती सांगते. म्हणून शरद ऋतूतल्या लीगमध्ये नाव घालण्यापूर्वी वसंतातल्या वहीकडे एकदा पाहावे. त्या महिन्यांत मुलाने पोहावे, फुटबॉल खेळावा, सायकल चालवावी. केवळ एकाच खेळावर लहानपणापासून जोर दिला की तो खेळ लवकर येतो, हा समज येथील पालकांत फार पसरला आहे, आणि बालरोगतज्ज्ञांची संघटना त्याविरुद्ध स्पष्ट बोलते. आठवड्यातून किमान एक दिवस कोणताही संघटित खेळ नको, हा त्यांचा सल्ला रविवार पाळणाऱ्या घराला किती सोपा जातो, हे वेगळे सांगायला नको.

मैदानावरचा शनिवार

सकाळी आठ-नऊचा सामना असेल तर शुक्रवारची रात्र जपावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते, त्यापुढच्या वयात ८ ते १०. सामन्यापूर्वी दीड-दोन तास आधी पोहे, उपमा किंवा तूप-साखर लावलेली पोळी आणि केळे असा हलका नाश्ता पुरतो. मैदानावरच्या स्टॉलवर नाचोज, हॉट डॉग आणि रंगीत बर्फ असतो, आणि तो कधीमधी खाल्ल्याने बिघडत नाही. पण हंगामभर प्रत्येक शनिवारी तेच जेवण ठरून गेले तर मुलांपेक्षा बाकांवर तीन तास बसून राहणाऱ्या मोठ्यांचे अधिक नुकसान होते. दक्षिण आशियाई माणसाला तुलनेने कमी वजनातही मधुमेह होतो. मेथीचे पराठे, भाजीचा रोल, काकडी आणि दही घरून न्यावे, आणि दोन इनिंगांच्या मध्ये मैदानाला एक फेरी मारावी.

मिसूरीचा उन्हाळा दमट असतो आणि घाम वाळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलाने दर वीस मिनिटांनी साधारण १०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे. तासाभराच्या सामान्य खेळाला साधे पाणीच पुरेसे असते, आणि कॅफीन घातलेली एनर्जी ड्रिंक मुलांना अजिबात देऊ नयेत. निदान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. आपली कातडी सावळी आहे म्हणून ते टाळू नये. मूल चक्कर, मळमळ, डोकेदुखी सांगत असेल तर त्याला सावलीत नेऊन गार करावे. ते असंबद्ध बोलू लागले किंवा अडखळू लागले तर ९११ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णवाहिकेची वाट पाहत न बसता त्याला लगेच थंड पाण्याने भिजवावे.

मेघगर्जना ऐकू आली की खेळ थांबतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तो पुन्हा सुरू होत नाही. त्या वेळी सगळे डगआउटमध्ये गर्दी करतात, पण उघड्या बाजूचे आणि लोखंडी जाळीचे ते छप्पर विजेपासून संरक्षण देत नाही. मुलांना पक्क्या इमारतीत किंवा काचा वर केलेल्या गाडीत बसवावे.

साहित्याबाबत थोडे सांगणे पुरे. हेल्मेट मापाचे असावे, मुलांनी कप (जांघेचे संरक्षक कवच) घालावा, आणि बॅटवर यूएसए बेसबॉलचा शिक्का असावा, कारण २०१८ पासून लिटल लीगमध्ये लहान गटांसाठी तो आवश्यक आहे. भारतातून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या बॅटवर तो नसतो. बारा वर्षांपर्यंतच्या गटांत आपली खेळण्याची वेळ येईपर्यंत बॅट हातात घेण्याचीही परवानगी नसते, आणि बघ्यांतल्या धाकट्या भावंडांनीही तिच्या कक्षेत जाऊ नये. तान्ह्या बाळाची गाडी जाळीच्या मागे उभी करावी. डोक्याला चेंडू लागून मूल गोंधळले, तर ते कितीही म्हणाले तरी त्या दिवशी पुन्हा खेळायला सोडू नये आणि डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज पुढेही नाही.

उरलेल्या वेळेची सहल

या शहरात सहलीसाठी पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते. सुमारे १,३०० एकरांच्या फॉरेस्ट पार्कमध्ये १९०४ चे जागतिक प्रदर्शन भरले होते, आणि त्याच परिसरातले प्राणिसंग्रहालय व कलासंग्रहालय आजही प्रवेशमूल्य घेत नाहीत, कारण १९७१ मध्ये येथील मतदारांनी त्यांच्यासाठी मालमत्ताकर देण्यास मान्यता दिली. गाडी ठेवण्याचे आणि आतल्या काही खेळांचे पैसे पडतात, एवढे लक्षात ठेवावे. प्रवेश विनामूल्य असण्याचा खरा फायदा असा की सगळे पाहून घेण्याची घाई राहत नाही. उपासनेनंतर दीड तास जावे, १९०४ च्या प्रदर्शनाच्या काळातला पक्ष्यांचा प्रचंड पिंजरा आणि हत्ती पाहावेत आणि आजी थकण्याआधी परतावे. ज्या दिवशी ऊन कडक असेल त्या दिवशी कलासंग्रहालय निवडावे.

कार्डिनल्सचे घरचे सामने रविवारी बहुधा दुपारी सव्वाच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे सकाळची उपासना आटोपून मेट्रोलिंक या शहरी रेल्वेने थेट ‘स्टेडियम’ स्थानकावर उतरता येते. मे महिन्यात हा बेत उत्तम. जुलैत लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर वरच्या छताची सावली पडणाऱ्या रांगा घ्याव्यात किंवा संध्याकाळचा सामना निवडावा. ज्या मुलाने शनिवारी पिचिंग केले आहे त्याच्यासाठी दुसऱ्यांचा खेळ पाहणे ही विश्रांतीही आहे आणि शाळाही: पिचर थकला की त्याचा चेंडू कसा वर राहू लागतो आणि व्यवस्थापक त्याला केव्हा उतरवतो, हे त्याला दाखवावे. ६३० फूट उंचीची गेटवे आर्च ही कमान स्टेडियमपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. वर नेणाऱ्या ट्रामचे डबे फारच छोटे असतात, त्यामुळे बंद जागेची भीती असणाऱ्यांनी खालचे संग्रहालय पाहावे.

माझी स्वतःची आवडती सहल नदीपलीकडे इलिनॉयमध्ये आहे. काहोकिया माउंड्स येथे सुमारे हजार वर्षांपूर्वी मूळ अमेरिकन लोकांचे मोठे नगर होते. टोपल्यांनी माती वाहून रचलेला तिथला मंक्स माउंड सुमारे शंभर फूट उंच आहे, आणि १९८२ पासून ते स्थळ जागतिक वारशात आहे. मात्र तिथे सावली कमी आहे, म्हणून सकाळी किंवा ऑक्टोबरात जावे.

गवतातून किंवा रानवाटेने फिरून आल्यावर अंगावर गोचीड पाहणे हे मिसूरीत हातपाय धुण्याइतकेच आवश्यक मानावे. कानांमागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली आणि गुडघ्यांमागे पाहावे, दोन तासांच्या आत आंघोळ करावी आणि कपडे ड्रायरमध्ये दहा मिनिटे कडक उष्णतेवर फिरवावेत. गोचीड चिकटलेली आढळली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी; तेल, काडी किंवा तंबाखू लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आले तर डॉक्टरांना गोचिडीची गोष्ट आधी सांगावी, कारण उपचार त्यावर ठरतो.

रविवारी संध्याकाळी

रविवारी पाचनंतर घरात नवीन काही ठरवू नये. गणवेश धुवायला टाकावा, औषधांचे आठवड्याचे डबे भरावेत, मुलाचा हात दोन्ही बाजूंनी सरळ करून पाहावा आणि वहीत नोंद करावी. दुखापत शंकास्पद वाटली तर आधी बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याच्या सुट्टीतल्या नर्सलाइनला फोन करावा. टाके, मुरगळा किंवा कानदुखी यांसाठी अर्जंट केअर (आधी वेळ न घेता जाता येणारा दवाखाना) पुरते आणि ते आपत्कालीन विभागापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. हाड वाकडे दिसणे, डोक्याच्या मारानंतर वारंवार उलट्या, श्वासाचा त्रास किंवा छातीतली कळ असेल तर मात्र पैशांचा विचार न करता आपत्कालीन विभागात जावे. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा प्रवासी विमा, त्यांच्या औषधांची यादी आणि त्या औषधांची मूळ (जेनेरिक) नावे एका पाकिटात गाडीत ठेवावीत. तिथल्या ब्रँडच्या नावांवरून येथे कोणाला काही उमगत नाही.

शेवटचे काम प्रशिक्षकाला संदेश पाठवण्याचे: शनिवारी मुलाच्या किती फेकी झाल्या, दुसऱ्या संघात किती झाल्या, आज हात कसा आहे आणि तो कोणत्या वारापासून पुन्हा पिचिंग करू शकेल. संदेश दोन ओळींचा असावा आणि मुलाला दाखवून मगच पाठवावा.